हलक्या मॉडेलमध्ये कॉकपिट कसं भरावं? सल्ला हवा

अर्धीउडी:
फोमची स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) बांधतोय. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ७५ सेंमी, म्हणजे साधारण १:१५. सगळं धरून १८० ग्रॅमच्या आत बसवायचंय. बाहेरून बरी दिसतेय, पण कॅनपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) आत नुसता काळा खड्डा.
मागच्या मॉडेलमध्ये हौसेने प्लास्टिकचा तयार पायलट बसवला होता. तो एकटाच २२ ग्रॅमचा निघाला! सीजीच्या (विमानाच्या गुरुत्वमध्याच्या) ६ सेंमी मागे बसलेला, म्हणून नाकात, सीजीच्या १२ सेंमी पुढे, ११ ग्रॅम शिसं भरावं लागलं. थोडक्यात, पायलट ३३ ग्रॅमला पडला. यंदा अख्ख्या कॉकपिटला ५ ग्रॅम, त्यावर गुंजभरही नाही. काय करावं, काय सोडावं?

चिमटा:
पाचात आरामात होतं. आधी मॉडेल हातभर लांब धरा आणि कॅनपीतून खरंच काय दिसतं ते बघा. पायलटचं डोकं-खांदे, पॅनेलचा (समोरच्या घड्याळांच्या फळीचा) वरचा भाग, सीटची पाठ. संपलं. पेडल आणि खालची जमीन विसरा, तिथे काळा रंग फासा.
पॅनेल कागदाचंच करा. ८० जीएसएमचा अख्खा ए४ कागद ५ ग्रॅमचा असतो, त्यातला ५ बाय ३ सेंमीचा तुकडा म्हणजे जेमतेम ०.१२ ग्रॅम. मी दोन थर करतो: खालच्या कागदावर डायल छापलेले, वर भोकं पाडलेला काळा कागद. भोकांच्या कडेची एवढीशी सावली पडते आणि तेवढ्यावर डोळा फसतो.
खऱ्या विमानातली मोठी घड्याळं सुमारे ७९ मिमीची, तुमच्या मापात ५ मिमीच्या किंचित वर. फायलीचं पंच मशीन वापरू नका, भोक मोठं पडतं. पितळी नळीच्या टोकाला धार लावा आणि जाड पुठ्ठ्यावर ठेवून गोल फिरवत दाबा.
मधल्या सहा घड्याळांचा क्रम मात्र पाळा. वर वेग, कृत्रिम क्षितिज, चढ-उताराचा दर. खाली उंची, दिशा, वळण. बाकीची अंदाजपंचे लावली तरी खपतात, ही सहा चुकली की जाणकार लगेच बोट ठेवतो.

खटपट्या:
चिमटा यांच्याशी सहमत. भर एवढीच, की घड्याळांच्या काचेसाठी टाचणीच्या टोकाने भोकात पांढऱ्या गोंदाचा थेंब सोडा. वाळला की पारदर्शक होतो आणि मस्त चमकतो. पण प्रिंट लेझरचीच घ्या. मी इंकजेटची घेतली होती. शाई फुटली आणि सहाच्या सहा घड्याळं निळ्या डबक्यात बुडाली.
पायलट फोमचाच कोरा. डोकं हेल्मेटसकट पावणेदोन सेंमीच्या आसपास. खाली कंबरेपर्यंतच ठेवा आणि आतून पोकळ करा. वरून टिश्यू पेपर, पाणी घातलेल्या गोंदाने. डोळे रंगवू नका, हमखास भूत दिसतं. गॉगल डोळ्यांवर ओढा आणि मान थोडी वळवून चिकटवा. सरळ समोर बघणारा पायलट पुतळा वाटतो.
सीटचे पट्टे मास्किंग टेपचे, २ मिमी रुंद. बकल वायरमधल्या तांब्याच्या एका तारेचं.

अर्धीउडी:
वा! आणि रंग?

चिमटा:
भिंतींना ब्रिटिशांचा राखाडी-हिरवा, पण थोडं पांढरं मिसळून; कॅनपीखाली तो आपोआप गडद दिसतो. पॅनेल मळका काळा. बऱ्याच स्पिटफायरच्या सीट धातूच्या नव्हत्या, तांबूस तपकिरी मिश्र प्लास्टिकच्या होत्या. तेवढा एक रंग दिला तरी आतला भाग जिवंत होतो. रंग पाण्यातलेच वापरा. स्प्रेच्या डब्याने माझी एक अख्खी फोमची भिंत वितळलीय.

निवांत:
मी पायलट घालतच नाही. १० मीटरवरून कोणाला दिसतोय?

खटपट्या:
तुमचं विमान १० मीटरच्या आत कधी येतच नाही, निवांत. आमची उतरतात.
हो, महत्त्वाचं राहिलंच. कॅनपीजवळ सुपरग्लू अजिबात नको. वाफेने प्लास्टिक आतून पांढरं धुरकट होतं आणि पुसूनही जात नाही. अख्खा कॉकपिट बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) एका पातळ तबकावर बांधा, तो कॅनपीसकट उचलता येईल असा ठेवा, छोट्या चुंबकांवर. खाली बॅटरीला हात घालायलाही बरं पडतं.

अर्धीउडी:
झालं! पायलट १.४, तबक आणि भिंती १.३, सीट ०.५, पॅनेल आणि किरकोळ ०.४, चुंबकं ०.३. एकूण ३.९ ग्रॅम. नाकात शिसं शून्य, बॅटरी थोडी पुढे सरकवून भागलं. उरलेल्या वजनात गनसाइटची (बंदुकीचा नेम धरायच्या यंत्राची) तिरपी काच लावतोय. आणि डावीकडच्या छोट्या दाराच्या आतली ती पहार पण करू का?

चिमटा:
काच लावाच. पहार दार उघडल्याशिवाय दिसत नाही. दार उघडं ठेवून उडवणार आहात का?