अनुभव धागा: 'घरातली एक जुनी वस्तू आणा' म्हटल्यावर तुमच्या पोरांनी काय नेलं?

अनगोळची_माई
आज लेकीच्या दप्तरातून चिठ्ठी निघाली, 'धारदार वस्तू पाठवू नये.' पहिलीत 'माझं घर' चालू आहे. घरातली एक जुनी वस्तू न्यायची आणि तिला घरी काय म्हणतात ते सांगायचं. आमच्या छोट्या बाईसाहेबांनी कुणाला न विचारता माझ्या आईचा पितळी आडकित्ता नेला. मुठीवर मोर आहे, त्याची चोच झिजून गेलीय. वर्गात उभं राहून सांगितलं म्हणे, "अज्जी अडकत्तरी म्हणते, पप्पा आडकित्ता म्हणतात, मम्मी म्हणते हात लावू नको."

मला एकदम 1988 आठवलं. माझी आई गोकाककडची, घरात कन्नड. अप्पा बेळगावच्या शहापूरचे. गुरुजींनी रजिस्टर उघडून विचारलं, मातृभाषा? मी म्हटलं, आईशी कन्नड, अप्पांशी मराठी. "एकच सांग." मी विचारलं, कुणाशी बोलताना? वर्ग हसला. गुरुजींनी अप्पांचं नाव बघितलं आणि मराठी लिहून टाकलं. घरी सांगितल्यावर आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मातृ म्हणजे कोण मग?"

तुमचं सांगा. पोरांना घराचं काय सांगता, आणि शेजारच्या बाकावरच्या पोराच्या घराचं काय?

टिळकवाडी_ते_पुणे
मातृ म्हणजे कोण मग 😂😂 तुमच्या आईंना दंडवत.
आडकित्ता शब्द मुळात कन्नडातूनच आलाय. अडके म्हणजे सुपारी. तूप-तुप्पचंही तसंच.

निपाणीची_धाकटी
आमच्या पोरानं पत्र्याचा फर्मा नेला. विडीचं पान कापायचा. सासूबाईंनी तीसेक वर्षं विड्या वळल्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, गुडघ्याला दोऱ्याचं बंडल. हजार झाल्याशिवाय उठायचं नाही. बाईंनी आधी नको म्हटलं, तंबाखूचं वर्गात कसं सांगायचं. मी म्हटलं तंबाखूचं नको ओ, हाताचं सांगा. मग सासूबाईंनाच बोलावलं. त्यांनी जुन्या वहीचं पान फर्म्यावर कापून, रिकामीच वळून, दोरा मारून दाखवला. दहा सेकंद पण नाही लागले. पोरं "परत परत" करूलालती. म्हातारी घरी आली ती दोन दिवस शाळेचंच बोलूलाली.
सासरे 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात हायवेवर बसलेले, ते म्हणतात मला कोण बोलावत नाही.

रानकुसुम
सासऱ्यांना पण बोलवा की 😀

खानापूर_मास्तर
सरकारी शाळेत शिकवतो, जंगलाकडची शाळा. माझ्या दुसरीत 19 पोरं. मराठी, कन्नड, गवळी-धनगरांची चार, एक उर्दूवालं घर, एक कोंकणी ख्रिस्ती. मागच्या वर्षी फळ्यावर वंशवृक्ष काढायला घेतला आणि पाच मिनिटांत फसलो. एक पोरगं म्हणालं, आईचे सगळे दात पडलेत. बाकीचे हसायला लागले, "ह्याची आई म्हातारी!" ते बिचारं लालबुंद. त्यांच्या कन्नड घरात आजीला आई म्हणतात आणि आईला अव्वा. मग एकेकाला उभं करून विचारलं. आज्जी, अज्जी, आई, नानी, शामाय. तेवढ्यात दुसरी एक रडायला लागली, कारण तिच्या झाडात बाबाची फांदी नव्हती, ती मामाकडे राहते.
झाड पुसलं. म्हटलं रात्री तुमच्या घरात जेवायला किती ताटं पडतात ती काढा, आणि ताटासमोर कोण बसतं त्याचं नाव, घरी हाक मारता तेच. कुणी तीन काढली, कुणी चौदा. मामाकडच्या पोरीनं सहा काढली, एक कुत्र्याचं. ते चित्र अजून भिंतीवर आहे.
जेवायला उठतो, नंतर लिहितो.

अनगोळची_माई
मास्तर, ताटांची कल्पना आमच्या बाईंना सांगते. 🙏

वडगाव_हातमाग
कुणी ताजा कुंदा (आपला खव्याचा) कुठं मिळतो सांगेल काय? रविवारी पाहुणे येणार आहेत.

रानकुसुम
हा धागा कुंद्याचा नाही ओ

वडगाव_हातमाग
वारसाच आहे की 😛 आणि करदंटवाले (डिंक-सुक्यामेव्याची वडी हो) येण्याआधी विचारून घेतलं.

चिकोडी_एक्सप्रेस
करदंटवाला हजर. कुंदा लवकर संपवावा लागतो, करदंट न्या पाहुण्यांना.

शहापूरची_नात
मी जरा वेगळं लिहिते. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाचं झेंडावंदन, माझी पोरगी लाल-पिवळी ओढणी घालून नाचात. बाबा त्याच सकाळी दंडाला काळी फीत लावून, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून निघणाऱ्या काळ्या दिवसाच्या फेरीला. 1956 पासून आमच्या घरात हे आहे, आधी आजोबा जायचे. पोरगी सहा वर्षांची, तिला दोन्ही कपडेच वाटतात. मागच्या वर्षी कोपऱ्यावर दोघं समोरासमोर आले. ती ओरडली, "आज्जोबा माझा नाच बघायला का नाही आलास?" बाबा काही बोलले नाहीत. तिचं दप्तर घेतलं, ओढणी सुटली होती ती बांधून दिली आणि घरी सोडून परत फेरीला गेले. नाच त्यांनी संध्याकाळी अंगणात बघितला, दोनदा. गाणं कन्नडच होतं.
तिला अजून काही समजावलं नाही. कसं समजावू सुचत नाही, पण विचारेल एक दिवस.

टिळकवाडी_ते_पुणे
इथं राजकारण नको हां.

शहापूरची_नात
राजकारण कुठलं, आमच्या घरातली सकाळ आहे ही.

निपाणीची_धाकटी
❤️ अंगणातला नाच.

चिकोडी_एक्सप्रेस
आमच्याकडं वैशाखात दुसऱ्याच दिवशी गंमत. द्वितीयेला जुन्या तिथीची शिवजयंती, तृतीयेला बसव जयंती. पोरगं आदल्या दिवशी मावळा आणि दुसऱ्या दिवशी बसवण्णा. मिशी तीच, काजळाची. पुसायची पण नाही म्हणतं.

खानापूर_मास्तर
परत आलो. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्यानं पहिलीपासून कन्नड सगळ्यांना आहेच, पण पोरं भाषा मैदानात शिकतात. लगोरी फुटली की कोण कुठल्या भाषेत ओरडतं ते ऐका एकदा. गवळी-धनगराचं पोरगं सगळ्यांत कमी बोलायचं. एक दिवस वर्गाबाहेर म्हैस आली, सगळी घाबरली, ह्यानं नुसता जिभेनं आवाज काढला आणि म्हैस वळली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत सगळी त्याच्याकडे तो आवाज शिकतात. मला अजून जमला नाही.

रानकुसुम
मास्तर व्हिडिओ टाका

वडगाव_हातमाग
माई, आडकित्ता परत मिळाला काय? जपून ठेवा, जुन्या पितळेचे हल्ली मिळत नाहीत.

अनगोळची_माई
आत्ताच आणला. चिठ्ठीत खाली 'पालकांनी येऊन न्यावा' होतं ना, गेले. स्टाफरूममध्ये तिघी बाई बसून सुपारी कातरत होत्या. एक म्हणाली, धार चांगली आहे हो. उद्या पानं पाठवते म्हणून सांगून आलेय.

वडगाव_हातमाग
😂 कुंद्याचं कुणीतरी सांगा रे, रविवार जवळ आला.