शेल्टरच्या सफाईला फिनाईल नको

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय, मांजरांच्या शेल्टरमध्ये मदतीला जाताना घरून फिनाईलचा कॅन नेऊ का? ताई, मुळीच नेऊ नका, काळं नको आणि पांढरंही नको. फिनाईलमधल्या फिनॉलसारख्या रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. ओल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटतं आणि विष थेट पोटात जातं.

त्याऐवजी बिनवासाचं साधं ब्लीच न्या. प्रमाण लिटरभर पाण्यात ३० मिली. पण आधी विष्ठा, लघवी, सांडलेलं खाणं साबणाच्या पाण्यानं काढून टाका. घाणीवर ओतलेल्या ब्लीचची ताकद घाणीतच संपते, शिवाय लघवीतल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा वायू होतो. मग द्रावण लावून पिंजरा १० मिनिटं ओला राहायला हवा. बडोद्याच्या मे महिन्यात तो बघता बघता सुकतो, म्हणून मध्ये पुन्हा फडकं फिरवा. घाईत नेमकं हेच राहतं आणि पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू तग धरतो. तो महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न झालेली पिल्लं हातची जातात, फार वाईट वाटतं. शेवटी साध्या पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडं झाल्यावरच मांजर आत सोडा. द्रावण रोज ताजं करा.

क्रमही पाळा: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी मांजरं, मग नवीन आलेली, आजारी सगळ्यांत शेवटी. घरी लस न झालेलं मांजर असेल तर चपला दाराबाहेर ठेवा आणि कपडे लगेच बदला. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू दाद देत नाही, हात साबणानंच चोळून धुवा.