मालगाड्या बघायला नागपुरात कुठं बसावं?

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या भाच्याला वंदे भारत नको, मालगाडीच पाहिजे. एकेक वाघीण (मालगाडीचा डबा) बोटावर मोजतो आणि शेवटी गार्डाचा डबा दिसला की हात हलवतो. मुख्य स्टेशनवर गर्दीत त्याला काही दिसत नाही. निवांत जागा सुचवा.

उत्तर १: कामठीला जा, दादा. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसा. हावडा मार्गानं छत्तीसगडचा कोळसा इकडूनच येतो. भरलेली गाडी आधी तळपायांना कळते, मग कानांना. रिकामी नुसती खडखडत जाते.

उत्तर २: त्याला इंजिनंही ओळखायला शिकवा. जोडीनं बांधलेलं लांबलचक धूड दिसलं तर ते डब्ल्यूएजी-१२, १२,००० अश्वशक्तीचं. त्याची देखभाल आपल्या नागपुरात होते, हे त्याला नक्की सांगा. आणि पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच उभं करा, थांबा नसलेली गाडी जवळून फार हवा ओढते.

प्रश्नकर्ता: काल कामठीला जाऊन आलो. पोरगा ५८ वाघिणी मोजून राहिला होता, मधे एकदाही बोलला नाही. कोळशाची बारीक काळी भुकटी त्याच्या भुवईवर बसली. गार्डानं हिरवा झेंडा हलवला. रात्री जेवतानाही तेच सांगत होता. रविवारी पुन्हा जातोय.