औषध कंपनीचा सीएसआर आणि आमच्या ओढ्याचे पाणी: ग्रामसभेने नेमके काय विचारावे?

खाडीकाठची:

नमस्कार. कोकणातील एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावात मी गेली 11 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे. वसाहतीत रंग, कीटकनाशके आणि औषधांची मूळ रसायने तयार करणारे कारखाने आहेत. त्यांपैकी औषधांच्या एका कंपनीने दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि मुलींसाठी स्वच्छतागृह दिले. काम चांगल्या दर्जाचे झाले आणि मुलींना त्याचा रोज उपयोग होतो, हे आधी सांगते. परंतु शाळेमागून खाडीकडे जाणाऱ्या ओढ्याला पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात उग्र, गोडसर दर्प येतो, पाण्यावर तपकिरी फेस धरतो, आणि मागच्या जूनमध्ये खाडीच्या तोंडाशी बोय मासे आणि खेकडे मरून पडले होते. ते पाणी कोणत्या कारखान्याचे होते हे मला ठाऊक नाही, त्यामुळे कोणावर आरोप करत नाही.

पुढच्या महिन्यात कंपनीचे अधिकारी ग्रामपंचायतीत येऊन यंदा सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, गावासाठी काय करावे, हे विचारणार आहेत. सरपंचांनी मला मुद्दे लिहून काढायला सांगितले आहे. काही ग्रामस्थ म्हणतात की ओढ्याची सफाईच सीएसआरमधून मागावी. काहींना भीती वाटते की ओढ्याचा विषय काढला तर शाळेची मदत बंद होईल. यातले योग्य काय, आणि एखादी औषध कंपनी खरोखर जबाबदारीने वागते आहे की नाही हे गावाने कशावरून ओळखावे?

ताळेबंद:

ताई, तुमच्या गावातील दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, म्हणून आधी कायद्याविषयी लिहितो. मी कंपनी सचिव म्हणून काम करतो आणि सीएसआर समितीच्या बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाची रक्कम स्वतंत्र बँक खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करावी लागते, आणि प्रकल्पच नसेल तर ती सरकारी निधीत जमा करावी लागते. म्हणजे ओढ्याचा विषय काढल्यामुळे कंपनीचे पैसे वाचतील असे नाही. ते दुसऱ्या गावाला मात्र देता येतील, कारण कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगत असला तरी कोणत्या गावाला द्यावे हे तो सांगत नाही. गावकऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. सीएसआरच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून होणारे काम सीएसआर ठरत नाही, आणि इतर कायद्यांनी घातलेले बंधन पाळण्यासाठी केलेला खर्चही त्यात धरता येत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे 1974 च्या जल कायद्याखाली बंधनकारक आहे. त्यामुळे स्वतःच्या सांडपाण्याने बिघडलेला ओढा सीएसआरमधून साफ करून द्या, अशी मागणी गावाने करू नये. तशी मागणी केली तर जे काम कंपनीचे कर्तव्य आहे, त्याला आपणच देणगीचे रूप देतो.

तिसरी पाळी:

वरील प्रतिसाद अचूक आहे. मी मूळ औषधी द्रव्ये बनवणाऱ्या एका कारखान्यात 26 वर्षे होतो आणि त्यांतील शेवटची 9 वर्षे सांडपाणी विभागाचा प्रमुख होतो. माझा अनुभव थोडा विस्ताराने लिहितो, कारण औषध उद्योगाची पर्यावरणीय जबाबदारी शाळेत किंवा कार्यालयात दिसत नाही, ती या विभागात दिसते.

औषधाचे मूळ द्रव्य अनेक टप्प्यांच्या अभिक्रियांतून तयार होते आणि प्रत्येक टप्प्यावर सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवणारे द्रव), आम्ल, अल्कली आणि धुण्याचे पाणी लागते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये उद्योगांची तुलना करून दाखवले की मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या साध्या रसायनांत एक किलो मालामागे साधारण 1 ते 5 किलो कचरा होतो, तर औषधांत तो 25 ते 100 किलो किंवा त्याहूनही अधिक असतो. स्फटिक गाळून घेतल्यावर उरणाऱ्या द्रवाला आम्ही मदर लिकर म्हणतो. त्यात क्षार आणि सेंद्रिय द्रव्ये इतकी असतात की सांडपाणी शुद्ध करणारे हौदातले जिवाणू त्यात जगत नाहीत. म्हणून हा प्रवाह साध्या धुण्याच्या पाण्यापासून वेगळा ठेवून, त्यातले सॉल्व्हंट काढून घेऊन, उरलेले पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवावे लागते, आणि तळाशी राहिलेला क्षार तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवावा लागतो.

या यंत्राला अखंड वाफ लागते आणि वाफेला पैसा लागतो. मालाची घाई असली की उत्पादन वाढते, पण बाष्पीभवन यंत्राची क्षमता तेवढीच राहते आणि टाक्या भरत जातात. अशा वेळी घट्ट प्रवाह थोडा थोडा पातळ प्रवाहात सोडण्याचा मोह होतो. आमच्याकडे 1990 च्या दशकात हे घडलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हा मी कनिष्ठ असल्यामुळे गप्प राहिलो, याची मला आजही खंत वाटते. पावसाळ्याच्या पहिल्या सरीसोबत दर्प येतो असे ताईंनी लिहिले आहे. त्याची दोन कारणे असू शकतात. एक तर उन्हाळाभर आवारात, गटारांत आणि पिंपांच्या साठ्याभोवती सांडलेले पदार्थ पावसाने वाहून येतात, किंवा कोणी तरी पुराच्या आडोशाने टाकी रिकामी करतो. पहिले कारण निष्काळजीपणाचे आहे आणि दुसरे गुन्ह्याचे आहे. पण दोन्ही रोखण्याचा उपाय कारखान्याच्या कुंपणाच्या आतच आहे.

प्रतिजैविकांबाबत तर प्रश्न आणखी गंभीर होतो. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे प्रक्रिया झालेले पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका लिटरमध्ये 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळले, आणि काही जिवाणूंना घातक ठरणाऱ्या पातळीच्या ते हजार पटींहून अधिक होते. त्याच औषधासाठी जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढू नये म्हणून 2016 मध्ये सुचवली गेलेली सुरक्षित पातळी लिटरला 0.064 मायक्रोग्रॅम आहे. सांडपाण्याची मानके मात्र सीओडी आणि बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीची मापे), क्षार आणि सामू यांची असल्यामुळे त्या आकड्यांत बसणारे पाणीही औषधाचा अंश घेऊन जाऊ शकते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये प्रतिजैविकांच्या अंशांसाठी मर्यादांचा मसुदा काढला होता, पण ऑगस्ट 2021 मध्ये बल्क ड्रग, म्हणजे मूळ औषधी द्रव्यांच्या, उद्योगासाठी जी अंतिम मानके आली त्यांत या मर्यादा नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तीही बंधनकारक नाहीत. कायद्याने विचारलेले नसताना एखादी कंपनी स्वतःहून हा अंश मोजते का, हाच माझ्या मते तिच्या जबाबदारीचा खरा कस आहे.

माळरान:

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे कारखान्याबाहेर गेलेल्या औषधाविषयी लिहितो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले, तर मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मरतात, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही त्याच सुमारास पुढे आला. तरीही माणसांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या 30 मिलिलिटरच्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जात राहिल्या. माणसाला एका वेळी 3 मिलिलिटर पुरते, मग एवढी मोठी कुपी कोणासाठी बनत होती, हे बनवणाऱ्यांना कळत नव्हते असे मला वाटत नाही. 2015 मध्ये सरकारने कुपीचा आकार 3 मिलिलिटरवर आणला, आणि तेव्हाही उत्पादकांकडून त्याला न्यायालयात विरोध झाला. एसिक्लोफेनॅक हे दुसरे वेदनाशामक गाईम्हशींच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्ये बदलते हे माहीत असूनही त्यावर जनावरांसाठी बंदी यायला 2023 उजाडले. म्हणून कंपनीचे वागणे तपासताना बंदी येण्याआधी तिने काय केले, हे पाहावे असे मी सुचवतो.

खाडीकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. ओढा आणि शाळा हे दोन विषय वेगळ्या कागदांवर मांडायचे, एवढे मला आता स्पष्ट झाले. परंतु अधिकारी आले की ते छापील अहवाल दाखवतील आणि आमच्यापैकी कोणाला त्यातले तपासता येणार नाही. आम्ही स्वतः पाण्याचा नमुना घेतला तर त्याला काही किंमत असेल का? आणि कोणते कागद मागितले तर टाळाटाळ करणे अवघड जाईल?

तिसरी पाळी:

ताई, तुम्ही घेतलेला नमुना कायदेशीर पुरावा म्हणून टिकणे कठीण आहे, कारण जल कायद्यात नमुना घेण्याची, त्याचे दोन भाग करण्याची आणि मोहोरबंद करण्याची पद्धत ठरलेली आहे आणि तो अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना आहे. तरीही दर्प आला त्या दिवसाची तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाऊस किती आणि फोटो अशी नोंदवही शाळेत ठेवा आणि त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. तारापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या मच्छीमारांची बाजू घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आणि तिथल्या कारखान्यांना भरपाईचे आदेश झाले. अशा लढ्यात जुन्या, तारीखवार तक्रारींची मोठी मदत होते.

कागदांपैकी पहिले मागा ते मंडळाने कारखान्याला दिलेले संमतीपत्र. रोज किती सांडपाण्याला परवानगी आहे, किती बाष्पीभवनाला जायचे आणि किती सामायिक केंद्राला, हे त्यात लिहिलेले असते. दुसरे म्हणजे दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचे पर्यावरण विवरणपत्र, ज्यात पाण्याचा वापर, कच्चा माल आणि धोकादायक कचऱ्याचे प्रमाण येते. पर्यावरण मंजुरी असलेल्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. कंपनीने दिले नाहीत तर मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. व्यापारी गुपिताचे कारण पुढे आले तर व्यापक जनहिताचा मुद्दा अर्जातच मांडून ठेवा. उत्पादन वाढले आणि आटवलेल्या क्षाराचे टन मात्र तेवढेच राहिले, असे विवरणपत्रांतून दिसले, तर बाकीचे पाणी गेले कुठे, हे बैठकीत शांतपणे विचारा.

ताळेबंद:

यात एक भर घालतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 मध्ये असेल, तर 2022-23 पासून तिला सेबीच्या नियमांनुसार व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. पाणी किती घेतले आणि सांडपाण्याचे काय केले, हे त्यात येते. ते आकडे संपूर्ण कंपनीचे असतात, म्हणून तुमच्या शेजारच्या कारखान्याचे आकडे स्वतंत्रपणे मागा. शाळेसाठी मात्र सीएसआरमधून जरूर मागा. यंत्राचे फिल्टर बदलण्याचा खर्च पाच वर्षांसाठी मान्य करून घ्या, कारण देखभालीची तरतूद नसल्यामुळे बंद पडलेली अशी यंत्रे मी अनेक शाळांत पाहिली आहेत.

खाडीकाठची:

नोंदवही आजच सुरू करते. पहिली नोंद मागच्या जूनची, मेलेल्या बोयांचे फोटो लावून, ग्रामसेवकांच्या सहीने घेते. संमतीपत्राचा अर्ज सोमवारी टपालात पडेल.