बायकोचं ग्रीन कार्ड पेंडिंग, मेहुण्याचं लग्न डिसेंबरात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा चालू आहे, तर जाऊ दे का?

कराडचा_जावई
मंडळी, घरात रोज रात्री याच विषयावरून वाजतंय, म्हणून इथे विचारतो. मी अमेरिकन नागरिक. बायको एफ-१ वर आली, सध्या ओपीटीवर (एफ-१ वाल्यांना मिळणारी कामाची मुभा) नोकरी करते. लग्नानंतर आय-१३० (बायकोसाठी माझा नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (तिचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्रच भरले, सोबत आय-७६५ (वर्क परमिटसाठी) आणि आय-१३१ (ॲडव्हान्स परोलसाठी, म्हणजे अर्ज पेंडिंग असताना बाहेर जाऊन परत यायची परवानगी) पण. बोटांचे ठसे देऊन झाले, त्यानंतर सगळं थंड. वर्क परमिट नाही की ॲडव्हान्स परोल नाही.

आता मेहुण्याचं लग्न कराडला ठरलंय. ही त्याची एकुलती एक बहीण, त्यामुळे करवली हीच. सासूबाईंचा फोनवर एकच धोशा, "व्हिसा २०२७ पर्यंत आहे ना, मग अडतंय कुठे?" बायकोचंही तेच. व्हिसाचा स्टॅम्प चालू आहे, कॉलेजकडून आय-२० वर (विद्यार्थी असल्याचा कॉलेजचा कागद) सही घेऊ, लग्न उरकून येऊ. वकिलाच्या ऑफिसातली बाई म्हणते, "शक्यतो टाळा." फी घेताना मात्र शक्यतो-बिक्यतो काही नव्हतं!

बे_एरिया_बंड्या
काही होत नाही हो. माझं आय-४८५ पेंडिंग असताना मी पुण्याला जाऊन आलो. परत येताना ऑफिसरने विचारलंसुद्धा नाही. बिनधास्त पाठवा.

एडिसनवाली
बंड्याभाऊ, तेव्हा तुम्ही कुठल्या व्हिसावर होतात?

बे_एरिया_बंड्या
एच-१बी, नोकरीचा. का?

एडिसनवाली
वाटलंच. अहो, एच-१बी आणि एल-१ (कंपनीनेच इकडे बदली केलेले) वाल्यांना, आणि त्यांच्या एच-४, एल-२ वरच्या घरच्यांना नियमातच सूट आहे. स्टेटस आणि व्हिसा चालू असेल, एच-१बीवाला त्याच कंपनीत परतत असेल, तर परोलशिवाय गेलं तरी अर्ज जिवंत राहतो. एफ-१ ला ही सूट नाही. तुमच्या भरवशावर ही पोरगी विमानात बसली असती म्हणजे झालं होतं.

जावईबापू, आता तुमच्याकडे येते. ॲडव्हान्स परोल मंजूर व्हायच्या आत तिने देश सोडला की आय-४८५ सोडून दिला असं धरतात. व्हिसा २०२७ चा असो नाहीतर २०३७ चा. आय-१३१ नुसता भरलेला असून उपयोग नाही, निघण्याआधी तो मंजूर झालेला लागतो. आय-४८५ चे १४४० डॉलर परत मिळत नाहीत. १ एप्रिल २०२४ नंतर भरलं असेल तर आय-१३१ चे ६३० वेगळे दिले असतील, तेही गेले. तुमचा आय-१३० तेवढा शाबूत राहील, पण मग पुढचं सगळं मुंबईच्या कॉन्सुलेटमधून, आणि तोवर ती कराडला, तुम्ही इथे.

बरं, एफ-१ वर परत येऊ म्हणाल, तर एफ-१ म्हणजे शिकून परत जाणार असं सांगून घेतलेला व्हिसा. ग्रीन कार्डचा अर्ज त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत असताना ऑफिसर का सोडेल?

हातपाय गाळू नका. आय-१३१ एक्स्पेडाइट करायची, म्हणजे लवकर निकाली काढायची विनंती करता येते. आजारपण, मयत असेल तर जोर जास्त, पण ठरलेल्या कार्यासाठीही मागता येतं, अर्ज वेळेत भरलेला असेल आणि नेहमीच्या गतीने कागद तारखेआधी येणार नसेल तर. लग्नपत्रिका जोडा, तिचं इंग्रजी भाषांतर भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या दाखल्यासकट जोडा, मेहुण्याशी नातं दिसेल असे दोघांचे जन्मदाखले जोडा. देतीलच असं नाही. पण मागायला काय जातंय?

माझे वडील सांगलीला ॲडमिट होते तेव्हा मी परोलवरच गेले होते. मुंबईत चेक-इनचा पोरगा पासपोर्टात व्हिसाच शोधत बसला. परोलचा कागद उलटून पालटून पाहिला, सुपरवायझरला बोलावलं, मागे अख्खी रांग माझ्याकडे बघतेय! म्हणून विमानतळावर लवकर पोचायचं. इकडे उतरल्यावर मागच्या खोलीत पाठवतात. फोन बंद, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुणाची तरी रडणारी लेकरं, आणि तुमचं आडनाव असं पुकारतात की आपल्यालाच म्हणताहेत हे कळत नाही. घाबरायचं काही नाही, पासपोर्टवर परोलचा शिक्का मारून सोडतात.

एक गोष्ट वकिलाला नक्की विचारा. परोलवर परत आलं की एफ-१ संपतो आणि त्यावरच्या ओपीटीचा आधारही जातो. आय-७६५ चं कार्ड हातात नसेल तर ती आल्यावर कामावर कशी जाणार?

नाशिकची_मिरची
ताईंना अनुमोदन. शिवाय तिकीट थेट विमानाचंच बघा. परोलचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे, युरोपातून येताना ट्रान्झिट व्हिसाचं लफडं होऊ शकतं. आणि पूर्वी कधी स्टेटस तुटलं असेल किंवा पोलिसांचं काही प्रकरण असेल, तर परोल मिळाला तरी वकिलाला विचारल्याशिवाय हलू नका.

कराडचा_जावई
ताई, तुमचं उत्तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. रडली थोडी, मग स्वतःच भावाला फोन लावून म्हणाली, चुलत बहिणीला करवली कर. तरी एक्स्पेडाइटची विनंती उद्याच टाकतो, पत्रिका व्हॉट्सॲपवर आलीये. आता सासूबाई म्हणतात, निदान तुम्ही तरी या. माझ्याकडे ओसीआय (भारतात व्हिसाशिवाय जायचं कार्ड) आहे, मला अडचण नाही. पण बायको इथे आणि मी एकटा सासरी पंगतीला, बरं दिसतं का ते?

एडिसनवाली
जा की! जावयाचा मान चुकवू नका. फक्त तिला टपाल रोज बघायला सांगा, कारण मुलाखतीची नोटीस याच काळात येऊ शकते. मुलाखतीला दोघंही लागता, तेव्हा परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा.