ऑनलाइन नकाशातली हद्द, प्रॉपर्टी कार्ड आणि प्रत्यक्ष मोजणी, तिन्ही वेगळं येतंय. रिडेव्हलपमेंटला काय धरायचं?

मुलुंडचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, बिल्डिंग सत्तरच्या दशकातली, तळ अधिक तीन, लिफ्ट नाही, निम्मे सभासद साठीच्या पुढचे, त्यामुळे रिडेव्हलपमेंट आता टाळून चालणार नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायचं खत, झालेलं आहे, त्यात १४०० चौरस वार लिहिलंय म्हणजे ११७०.६ चौ.मी. धरा, प्रॉपर्टी कार्डवर ११६८.४ आहे, आणि पीएमसीच्या, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट सल्लागाराच्या, सर्व्हेअरने भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर ११३९ च भरतंय. त्यात आमच्या एका सभासदाने ऑनलाइन नकाशा उघडून खाली सॅटेलाइट फोटो लावला, तर आमच्या सीटीएस नंबरची, म्हणजे सिटी सर्व्हेतल्या आमच्या प्लॉटची, रेघ पंपरूमच्या मधोमध जाते आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरते. तो स्क्रीनशॉट ग्रुपवर पडला आणि तेव्हापासून शेजाऱ्यांशी बोलणं अवघड झालंय, दोन्हीकडचे लोक एकमेकांना जागा दाबली म्हणून सुनावतायत.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. पालिका असे नकाशे नक्की कशासाठी वापरते, म्हणजे उद्या प्लॅन पास करताना ही रेघ धरणार का? आणि ती धरणार नसेल तर खरी हद्द कुठल्या कागदावर असते? डीपी रिमार्कमध्ये, म्हणजे विकास आराखड्यात आमच्या प्लॉटवर काय आहे त्या पालिकेच्या कागदात, पुढच्या रस्त्याचं पण काहीतरी आहे, ते वेगळंच. ज्यांनी यातून काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, जनरल बॉडीच्या आधी लोकांना नीट सांगायचंय.

नकाशेवाली_ठाणे

दादा, मी जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं, काम करते, नगरपालिकांचे लेअर, म्हणजे नकाशावर एकावर एक टाकायचे थर, बनवण्यातच दिवस जातो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगते.

त्या स्क्रीनशॉटवरून कोणीही कोणाशी भांडू नका. जुन्या शीट स्कॅन केल्या जातात, कागद वर्षानुवर्षांत आकसलेला असतो, कापडावर चिकटवलेला असला तर एका बाजूने ताणलेला असतो, मग जमिनीवरचे काही ठरावीक पॉइंट धरून ती शीट कॉम्प्युटरमध्ये बसवली जाते. पॉइंट कमी असले की मधला भाग सरकतो. त्यात स्केल बघा, १:४००० च्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २ मीटर, तुमची अख्खी पंपरूम त्या रेघेच्या जाडीत मावेल. तीच रेघ १:५०० च्या शीटवर २५ सेंटीमीटर होते. पण स्क्रीनवर झूम केलं की दोन्ही रेघा सारख्याच बारीक दिसतात, आणि माणसाला वाटतं जेवढं झूम तेवढं अचूक. सगळा घोळ इथे होतो.

शिवाय सॅटेलाइट फोटोत उंच बिल्डिंग तिरकी पडलेली दिसते, गच्ची एका बाजूला झुकते, आणि लोक गच्चीच्या कडेशी हद्द ताडून बघतात. बघायचंच असेल तर पायथा बघा.

एक साधी टेस्ट करा. तुमच्या आजूबाजूचे आठ-दहा प्लॉट बघा. सगळ्यांच्या रेघा त्यांच्या भिंतींपासून एकाच दिशेला, साधारण तेवढ्याच सरकल्या असतील तर तो लेअर सरकलाय, तुमची जमीन नाही. फक्त तुमचाच प्लॉट बिघडलेला दिसला तर मात्र कागद काढायला लागा.

आता पालिका वापरते कशाला, तर नियोजनाला. कुठला सीटीएस नंबर कुठल्या झोनमध्ये, शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण कुठे, डीपी रस्ता कुठून जातो, हे सगळं या लेअरवर असतं. रस्ता खोदायची परवानगी, पावसाळी गटारं, पाण्याच्या लाईनी, झाडं, मालमत्ता कराच्या नोंदी, यांनाही नकाशाचा आधार लागतो. या कामांना दोन मीटर इकडेतिकडे चालतं, कारण शेवटी माणूस जागेवर जाऊनच काम करतो. हद्दीच्या कामाला ते चालत नाही. आणि कराचं बिल सोसायटीच्या नावावर येतं म्हणून जमीन सोसायटीची झाली असंही नाही, तो वेगळा रजिस्टर आहे.

नियोजनाचा नकाशा चुकला तर काय होतं ते मुंबईने २०१५ मध्ये बघितलंय. फेब्रुवारीत डीपी २०३४ चा मसुदा आला, त्यात जुन्या वास्तू, देवळं, चर्च यांच्यावरून रस्ते दाखवलेले निघाले, लोकांनी हजारोंनी हरकती घातल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला लावला. मंजूर डीपी लागू व्हायला मग २०१८ चा सप्टेंबर उजाडला. जमिनीवर जे आहे त्याची आधीची पाहणी नीट झाली नाही की पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर असलं तरी उपयोग नाही, हे मी ऑफिसमध्ये रोज सांगते. माझं तर स्पष्ट मत आहे की लोकांसाठी खुल्या केलेल्या प्रत्येक लेअरवर तो कुठल्या साली, कुठल्या स्केलच्या शीटवरून केला आणि किती मीटरपर्यंत चुकू शकतो हे ठळक लिहिलंच पाहिजे. लोकांची आयुष्यभराची घरं त्या रेघांवर अडकलेली असतात.

निवृत्त_भूकरमापक

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, नोकरी सगळी भूमी अभिलेखात गेली.

मुंबईत दोन वेगळ्या पद्धती आहेत हे आधी लक्षात घ्या. शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, सीएस म्हणजे कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर चालतो, तिथलं मोजमाप फार जुनं, लॉटन साहेबाचा सर्व्हे १८६५ ते १८७२ चा. उपनगरात सीटीएस नंबर. उपनगर म्हणजे मूळची गावं, त्यांना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर होते, तुमचं मुलुंड १९५७ मध्ये पालिकेत आलं. त्यानंतर साठ-सत्तरच्या दशकात सिटी सर्व्हे झाला, घरोघर चौकशी झाली, ती चौकशी नोंदवहीत लिहिली गेली आणि त्यावरून प्रॉपर्टी कार्ड उघडली. म्हणजे कार्डाच्या मागे मोजणीचा नकाशा आणि चौकशी नोंदवही असते. लोक नुसतं कार्ड घेऊन येतात. तुम्ही सिटी सर्व्हे ऑफिसातून तुमच्या सीटीएस नंबरच्या चौकशी नोंदवहीचा उतारा आणि नकाशाची प्रत दोन्ही मागा. कार्डावर सत्ता प्रकार पण बघून घ्या, जमीन कुठल्या अटीवर आहे ते तिथे कळतं, शर्तीची जमीन असेल तर परवानगीचा विषय आधी सोडवायला लागतो.

खरी हद्द कळते ती मोजणीने. खाजगी सर्व्हेअर ताब्याची जागा मोजतो, सरकारी भूकरमापक रेकॉर्डची हद्द जागेवर आणून बसवतो, हा फरक मोठा आहे. अर्ज आता ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो, घाई असेल तर जादा फी भरून लवकरची तारीख मिळते. लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते. आमच्या वेळी फलक घेऊन, साखळी टाकून काम चालायचं, आता उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर आलाय, पॉइंट सेंटीमीटरमध्ये मिळतो, पण मुंबईच्या दाट वस्तीत दोन उंच बिल्डिंगांच्या मध्ये उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही, मग टोटल स्टेशन, म्हणजे दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, लावावं लागतं. आणि यंत्र कितीही चांगलं असलं तरी मोजणी सुरू करायला जुनी, न हललेली खूण लागते. जुनी विहीर, देवळाचा चौथरा, मूळचा कोपऱ्याचा दगड, अशा गोष्टी. रिडेव्हलपमेंटमध्ये आजूबाजूच्या अशा खुणा धडाधड नाहीशा होतायत, म्हणून मी सांगतो की पाडकाम सुरू व्हायच्या आधी मोजणी करून घ्या, नंतर नाही.

मोजणी झाली की ‘क’ प्रत मिळते, तिच्यात रेकॉर्डची हद्द आणि वहिवाट दोन्ही दाखवतात. मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. कार्डावर नुसती लेखनाची चूक असेल, आकडा उलटसुलट लिहिला गेला असेल, तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती होते. पण शेजाऱ्याशी मालकीचाच वाद असेल तर तो मोजणीने सुटत नाही, त्याला दिवाणी कोर्ट.

वेसावची_पोर

तुमच्याकडे निदान एक कार्ड तरी आहे. कोळीवाड्यात ये जा करून बघा, एका सीटीएस नंबरवर आजोबांच्या सगळ्या भावांची नावं, त्यांचे वारस कुठे कुठे पांगलेले, आणि घरं एकमेकांना खेटून, मोजणीवाला उभा कुठे राहणार हाच प्रश्न. नकाशा करणारा वरून फोटो बघतो, त्याला मोकळी जागा दिसते. ती मोकळी नसते. तिथे बोंबील वाळत घालायचे बांबू पावसाळा आला की काढून ठेवलेले असतात, जाळी विणायला बसायची जागा असते, होड्या वर ओढून ठेवायच्या असतात. जूनमधला फोटो बघितला की काहीच दिसत नाही. मग तिथे कुठलाही रंग भरला जातो आणि आम्हाला हरकत घालून सांगावं लागतं की हे आमचं पोटापाण्याचं आहे.

गावातल्या घरांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना २०२० मध्ये आली, पण ती ग्रामीण भागासाठी, मुंबईतली गावठाणं शहरात धरली जातात म्हणून आम्ही त्यात नाही. शहरांतल्या जमीन मोजणीसाठी केंद्राचा नक्शा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला, १५२ शहरी संस्थांपासून. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं भिजत घोंगडं तर कधीपासून पडलंय.

आमच्या आळीत आम्ही एक केलं. मोठा नकाशा छापून आणला, म्हाताऱ्या बायकांना बसवलं आणि कुठली जागा कशाची ते पेन्सिलीने लिहून घेतलं, कुठल्या महिन्यात काय असतं ते सुद्धा. प्रत्येक जागेचे मासळी वाळत असतानाचे तारखेसकट फोटो काढले. हरकत घालताना असं काहीतरी हातात असलं तर अधिकारी पण ऐकतात, नुसतं तोंडी कोण ऐकणार. सेक्रेटरी काका, तुमच्याकडे पण जुने सभासद असतीलच, भिंत कधी बांधली, आधी कुठे होती, हे त्यांना आत्ताच विचारून लिहून घ्या.

मुलुंडचा_सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलेली टेस्ट लगेच केली, आमच्या गल्लीतल्या सगळ्याच प्लॉटच्या रेघा नाल्याच्या बाजूला सरकल्यात, साधारण सारख्याच. ते चित्र शेजारच्या सेक्रेटरींना पाठवलं, त्यांचा फोन आला, बरं वाटलं. पण ११६८.४ आणि ११३९ मधला २९ चौ.मी. चा फरक राहतोच. आमच्या सर्वात जुन्या सभासद मावशी सांगतात की रस्त्याकडची भिंत एकदा पाडून आत घेतली होती.

प्लॅन_पासिंगवाला

मावशींचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे, तुमचे २९ चौ.मी. बहुतेक तिथेच आहेत. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅन पासिंगचं बघतो. डीपी रिमार्कमध्ये रस्त्याच्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक डीपी रस्ता, तो विकास आराखड्यातला, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याखालचा. दुसरी रेग्युलर लाईन, ती पालिकेच्या १८८८ च्या कायद्याच्या कलम २९७ खाली ठरवलेली रस्त्याची कड. तुमची भिंत आत घेतली ती बहुतेक या रेग्युलर लाईनसाठी असणार. तेव्हा ती पट्टी सेटबॅक, म्हणजे रस्त्यासाठी सोडलेली जागा, म्हणून दिली का, ताबा पावती झाली का, मोबदला किंवा एफएसआय, म्हणजे त्या बदल्यात बांधकामाचं क्षेत्र, घेतला का, हे जुन्या फायलीत शोधा. दिली असेल पण प्रॉपर्टी कार्डावर पालिकेच्या नावाने वेगळी झाली नसेल तर आकडा असाच लटकत राहतो. मोबदला घेतलेलाच नसेल तर त्या पट्टीचा फायदा अजून मागता येण्यासारखा आहे, २९ चौ.मी. म्हणजे मुंबईत थोडी जागा नाही, सोडू नका.

प्लॅनला साधारण नियम असा चालतो की कन्व्हेयन्स, कार्ड आणि प्रत्यक्ष मोजमाप यातलं जे सर्वात कमी ते क्षेत्र धरतात. म्हणून बिल्डरची ऑफर ११६८ वर आहे की ११३९ वर हे टेंडरमध्येच लिहून घ्या, नाहीतर करार झाल्यावर क्षेत्र कमी निघालं म्हणून सभासदांचा कार्पेट कापायला लावतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. रस्त्याची रेघ जागेवर आखून द्यायला डीपी खात्याच्या सर्व्हे सेक्शनकडे वेगळा अर्ज करावा लागतो, भूमी अभिलेखची मोजणी त्यासाठी चालत नाही. दोन्ही अर्ज एकदमच टाका. आणि मोजणीच्या तारखेला शेजारच्या सेक्रेटरींना हजर ठेवा, पंचनाम्यावर त्यांची सही घ्या, आत्ता बोलणं सुरू झालंय तोवर.