१९८६ सालची ३८ फुटी यॉट महासागर ओलांडण्यासाठी घ्यावी का?

प्रश्न (सागरवेडा):
आम्ही दोघे शिडाच्या नौकेवरून महासागर ओलांडण्याच्या बेतात असून, १९८६ साली बांधलेली फायबरग्लासची एक ३८ फुटी यॉट नुकतीच पाहून आलो. विक्रेत्याने चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर नौकेची जागा दाखवणारे यंत्र), सौर पॅनेल, खारे पाणी गोडे करण्याचे यंत्र अशी भलीमोठी यादी हाती ठेवली. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा कधी बदलल्या, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. सौद्याआधी नेमके काय तपासावे?

प्रतिसाद (शिडवाला):
यादीतल्या वस्तू केव्हाही विकत मिळतात, त्यामुळे ती तूर्त बाजूला ठेवावी. तारा साधारण दहा-बारा वर्षांनी बदलण्याचा प्रघात आहे, तेव्हा त्या बदलाव्याच लागणार असे धरून भाव करावा. खरी मेख तारा जिथे नौकेला जखडलेल्या असतात त्या चेनप्लेट नावाच्या स्टीलच्या पट्टीत आहे. डेकमधून आरपार जाणारा तिचा भाग सीलंटखाली झाकलेला राहतो, तिथे मुरलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू उरत नाही आणि त्याअभावी स्टेनलेस स्टीलवरचा गंजरोधक थर टिकत नाही; त्यामुळे वरून लखलखीत दिसणारी पट्टी आत चिरलेली असू शकते. आमच्या नौकेची पट्टी उतरवली, तेव्हा बोल्टच्या भोकापाशी ती निम्म्याहून अधिक तडकलेली निघाली.

डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला, तर फायबरग्लासच्या थरांमधले बाल्सा लाकूड भिजून कुजल्याची शंका घ्यावी. तळावरच्या ऑस्मोसिसच्या, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी झिरपून येणाऱ्या, फोडांचा बाऊ मात्र जरा जास्तच होतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (जुना खलाशी):
कील, म्हणजे तळाखालचे वजनदार पाते, बोल्टने जोडलेली असेल तर नौका कधी तळाला आपटली होती का, हे स्पष्ट विचारावे आणि कीलच्या मागच्या टोकाच्या वर, आतल्या बाजूला, भेगा शोधाव्यात. २०१४ साली अटलांटिकमध्ये ‘चीकी रफीकी’ची कील निखळून नौका उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. युरोपात नौकेचा वर्ग (खुल्या महासागरासाठी ‘अ’) सांगणारे प्रमाणपत्र १९९८ पासून सक्तीचे झाले; तुमची नौका त्याआधीची असल्याने तिचा स्थैर्याचा आलेख मागावा. साधारण १२० अंशांपर्यंत कलूनही ती स्वतः सरळ होत असेल, तर पुढे बोलणी करावीत.

सागरवेडा:
पुन्हा जाऊन आलो. डावीकडच्या कपाटामागे, चेनप्लेटच्या खाली, लाकडावर तपकिरी ओघळ आहे. विक्रेते म्हणतात, पुसून टाकू.

शिडवाला:
पुसू देऊ नका, तो पट्टीच्या गंजाचा असू शकतो; आधी छायाचित्र घ्या. पट्टी उतरवण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च आपण करू असे लेखी कळवा, आणि त्या वेळी तुम्ही नेमलेला सर्व्हेअर (नौका तपासणारा तज्ज्ञ) हजर ठेवा. विक्रेत्याने सुचवलेला नको. एवढे करूनही नकार आला, तर दुसरी नौका पाहावी.